केसपेपरवर न विचारलेले प्रश्न

मूत्रपिंडाचा जुनाट आजार वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांची राखीव ताकद एवढी असते, की निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत माणूस शेतात जातो, ओझी उचलतो, लग्नात पंगत वाढतो. मग कधीतरी पायावर सूज येते, जेवणावरची वासना उडते, चार पावलांत दम लागतो आणि रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन आठ-दहा निघते. अहिल्यानगर म्हणजेच नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत त्या दिवशी आजाराला नाव मिळते, ‘किडनी फेल’, आणि त्याच दिवशी कारणही मिळते: शुगर होती, बीपी होता. बहुतेकदा ते कारण खरेही असते. पण ते कोणाला विचारले गेले, किती उशिरा विचारले गेले आणि काय विचारायचे राहून गेले, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. माझे म्हणणे असे, की दवाखान्याच्या नोंदींतून या आजाराचे जे चित्र दिसते ते दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे असते. जिल्ह्याचे चित्र हवे असेल तर रुग्ण काय काम करतो, कोणत्या गोळ्या खातो आणि तो कोणत्या साली, कोणत्या परिस्थितीत जन्मला, हे केसपेपरवर यावे लागेल.

देशातली सर्वांत मोठी नोंद घेऊ. मूत्रपिंडतज्ज्ञांनी चालवलेल्या राष्ट्रीय नोंदवहीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ प्रौढ रुग्ण होते आणि त्यांचे सरासरी वय पन्नाशीचे होते. मधुमेहामुळे आजार झालेले ३१ टक्के, मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांच्या दीर्घकालीन दाहामुळे १४ टक्के, रक्तदाबामुळे १३ टक्के. आणि १६ टक्क्यांच्या नावापुढे ‘कारण अज्ञात’. या रुग्णांत शंभरातले ७० पुरुष होते. हा शेवटचा आकडा विचार करायला लावणारा आहे, कारण जगात जिथे जिथे लोकवस्तीत जाऊन तपासण्या झाल्या तिथे एकंदरीत बायकांमध्ये हा आजार पुरुषांइतकाच, किंबहुना थोडा अधिक सापडला आहे. मग नोंदवहीतल्या बायका कुठे गेल्या? पुरुषांत आजार जास्त वेगाने शेवटच्या टप्प्याला जातो, म्हणून दवाखान्यात ते जास्त दिसतात, असे उत्तर वैद्यकशास्त्र देते आणि त्यात तथ्य आहे. पण तेवढ्याने सत्तर-तीसचे अंतर भरून निघत नाही. आपल्याच देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. हा फरक काही शरीरशास्त्राने घडवलेला नाही. कोणाच्या उपचारासाठी घर कर्ज काढते आणि कोणाची सूज ‘होईल बरी’ म्हणून अंगावर काढली जाते, ते या नोंदवहीत उतरले आहे. दवाखान्यातल्या रुग्णांवरून आजाराची कारणे ठरवण्यातला हा धोका अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच मांडला होता. दोन आजार असलेला माणूस एकच आजार असलेल्यापेक्षा दवाखान्यात येण्याची शक्यता जास्त, म्हणून वॉर्डात त्या दोन आजारांचे नाते गावात असते त्याहून घट्ट दिसते. मधुमेही माणूस साखर तपासायला निदान वर्षा-दोन वर्षांनी तरी डॉक्टरांपुढे बसतो. ज्याला मधुमेह नाही त्याचे मूत्रपिंड कोणी तपासतच नाही.

अहिल्यानगरच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण या जिल्ह्यात दोन जिल्हे राहतात. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा हा महाराष्ट्रातला सर्वांत विस्तीर्ण जिल्हा, तालुके १४. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उत्तरेकडच्या तालुक्यांत ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्याच परिसरात रुग्णालय आले आणि १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. दक्षिणेकडे पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथली ज्वारी-बाजरी पावसाच्या लहरीवर असते आणि दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊस तोडायला घर सोडतात. रुग्णालये आणि तज्ज्ञ बहुतांशी लोणीच्या बाजूला आणि नगर शहरात आहेत, म्हणून लेखी पुरावाही तिथेच साठतो. बागायती पट्ट्यात मधुमेह आणि रक्तदाब वाढलेत यात नवल नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. या दोन आजारांवर नीट औषध चालले असते तर डायलिसिसच्या खुर्चीवरची बरीच माणसे आज तिथे नसती, ही गोष्ट मी निर्विवाद मानतो. वाद त्यापुढचा आहे: दक्षिणेतल्या सडपातळ, साखर आणि दाब ठीक असलेल्या, चाळिशीतल्या मजुराचे क्रिएटिनिन वाढलेले निघते तेव्हा आपण काय लिहितो? ‘कारण अज्ञात’. राष्ट्रीय नोंदवहीच्या २०१२ च्या अहवालात या अज्ञात गटाबद्दल म्हटले आहे, की हे रुग्ण इतरांपेक्षा वयाने लहान, जास्त गरीब आणि आजार जास्त पुढे गेल्यावर आलेले होते. एखाद्या गटाची ओळख इतकी स्पष्ट असताना त्याचे कारण अज्ञात राहते, याचा अर्थ मला असा दिसतो, की कारण जिथे शोधायचे त्या रानात आणि उसाच्या फडात कोणी गेलेले नाही.

मध्य अमेरिकेत ते शोधले गेले. एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये लिहिले, की शेवटच्या टप्प्यातले मूत्रपिंडाचे रुग्ण मोठ्या संख्येने तरुण शेतमजूर पुरुष आहेत आणि त्यांना मधुमेहही नाही, रक्तदाबही नाही. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा भागात ऊसतोड्यांच्या एका वस्तीत इतके पुरुष गेले, की तिला विधवांचे बेट म्हणू लागले. श्रीलंकेत अनुराधापुराच्या भातशेतीच्या भागात आणि आपल्याकडे आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम पट्ट्यात असाच आजार आहे. कारणांवर अजून एकमत नाही. मध्य अमेरिकेत उन्हात ढोर मेहनत, घामाने कोरडे पडणारे शरीर आणि त्याच अवस्थेत रोज पुन्हा काम, याकडे बोट दाखवले जाते. श्रीलंकेत जड पाणी, फ्लोराइड, शेतीची रसायने यांचा संशय आहे. उसाच्या फडांत सावली, ठरलेली विश्रांती आणि पिण्याचे पाणी दिल्यावर हंगामात मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे मध्य अमेरिकेत दिसले आहे, आणि माझ्या मते हा सर्वांत बोलका पुरावा आहे. रोगाचे संपूर्ण कोडे सुटण्याची वाट न पाहता तिथे उपाय झाला आणि त्याचा उपयोग मोजता आला.

हे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आपला गळीत हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो, म्हणजे निम्मा हंगाम थंडीचा. तिकडे ऊस जाळून तोडतात. आपल्याकडे बहुतेक ऊस हिरवाच तोडला जातो, त्यामुळे राख आणि धूर यांचा संबंध वेगळा. तिकडचे तोडे मुख्यतः पुरुष. आपल्याकडे नवरा-बायकोचे जोडपे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. शिवाय आपल्या फडांतून अशा मृत्यूंची लाट आल्याचे कोणी म्हटलेले नाही. हे सगळे खरे आहे. पण फेब्रुवारीनंतर नगर, सोलापूर, बीडचे ऊन काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि मुकादमाची उचल फेडायची असल्याने ऊन चढले म्हणून कोयता खाली ठेवता येत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईला कोपीजवळ संडास नसतो, म्हणून ती मुद्दाम पाणी कमी पिते. थंडी असो वा ऊन, तिचे शरीर दिवसभर कोरडेच राहते. तोडणी अनेक जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही होते, माणूस आजारी पडतो तो बहुतेकदा गावी परतल्यावर, आणि मरतो तेव्हा कारणाच्या जागी फारसे काही लिहिले जात नाही. लाट दिसायला मोजणारा एका जागी उभा असावा लागतो. इथे ज्यांना मोजायचे तीच माणसे सहा महिने एका ठिकाणी नसतात. म्हणून मी असे म्हणत नाही, की मध्य अमेरिकेतला आजार पाथर्डीत आहे. तो नाही असे म्हणण्याचा अधिकारही आपण मिळवलेला नाही, एवढेच म्हणतो.

उन्हाला आणि कष्टाला जोडून येते ती दुखण्याची गोळी. अंग मोडून काम करणाऱ्याला संध्याकाळी कंबर, खांदे, गुडघे बोलतात आणि गावातल्या मेडिकलमध्ये डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, आयबुप्रोफेन चिठ्ठीशिवाय मिळतात. चार गोळ्यांची पुडी नावाशिवायही मिळते. ही औषधे मूत्रपिंडाला कशी बाधतात हे चांगले ठाऊक आहे. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड स्वतःकडे येणारी धमनी रुंद ठेवून रक्तपुरवठा टिकवते आणि त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वापरते. दुखण्याच्या या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये बंद करतात. भरपूर पाणी प्यायलेल्या, बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला दोन गोळ्यांनी सहसा काही होत नाही. दिवसभर घामाघूम झालेल्याला, जुलाब झालेल्याला किंवा रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या चालू असलेल्याला त्याच दोन गोळ्या मूत्रपिंड बंद पाडू शकतात. गिधाडांचे उदाहरण इथे आठवते. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे २००४ मध्ये सिद्ध झाले; २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीचे ते औषध बंद केले. माणसाचे शरीर गिधाडापेक्षा हे औषध फार चांगले पचवते, तेव्हा ही तुलना पुरावा म्हणून वापरू नये. पण आकाशातून गिधाडे नाहीशी झाल्यावर आपण कारणाचा माग काढला, आणि मजुराच्या बाबतीत ‘कोणती गोळी, किती दिवस’ हा प्रश्नही नेमाने विचारत नाही, याचे मला वाईट वाटते. घोणस चावलेल्यांचेही असेच होते. उसाच्या आणि ज्वारीच्या रानात घोणसीचा दंश नवा नाही आणि तिच्या विषाने मूत्रपिंड बंद पडू शकते. माणूस चार डायलिसिसनंतर वाचतो, लघवी सुरू होते, घरी जातो आणि ‘बरा झाला’ म्हणून त्याची फाइल बंद होते. अशा तीव्र इजेतून सावरलेल्यांना पुढे जुनाट आजाराचा धोका जास्त असतो हे आता पक्के माहीत आहे. दहा वर्षांनी तोच माणूस परत आला तर सापाचा उल्लेख कोणाच्याच लक्षात राहिलेला नसतो.

तिसरा प्रश्न जन्माचा, आणि तो विचारायला सर्वांत अवघड. बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशी मांडणी केली, की ज्या मुलाला जन्मतः गाळण्या कमी मिळतात त्याला मोठेपणी रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा आजार होण्याची शक्यता जास्त. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, पण माणसामाणसांत हा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. गर्भाचे महिने संपले की नवी गाळणी तयार होत नाही. आईच्या पोटात जे मिळाले तेवढ्यावर आयुष्य काढायचे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा मधल्या महिन्यांत गर्भात असलेली मुले पन्नाशीच्या आसपास पोचल्यावर तपासली, तर त्यांच्या लघवीत प्रथिन जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले. आता नगर जिल्ह्याकडे पाहा. १९७० ते १९७३ सलग पाऊस दगा देत गेला आणि बहात्तरच्या दुष्काळात हा जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांत गरोदर बाया होत्या. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी खाऊन घरे जगली. दुष्काळाच्या मानाने मृत्यू कमी झाले, ही महाराष्ट्राची मोठी कामगिरी होती. त्या वर्षी पोटात असलेली आणि जगलेली मुले आज बावन्न-त्रेपन्न वर्षांची आहेत, म्हणजे हॉलंडमधली माणसे तपासली गेली तेव्हा जितक्या वयाची होती साधारण तितकीच. हॉलंडची उपासमार काही महिन्यांची आणि आधी-नंतर पोटभर जेवणाऱ्यांची होती. आपली टंचाई त्याआधीही होती आणि त्यानंतरही. त्यामुळे निष्कर्ष सरळ उचलता येत नाही. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करून दाखवले, की आपली कमी वजनाची बाळेही चरबी राखून जन्मतात आणि मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होऊ शकते. म्हणजे ज्याला आपण ‘शुगरमुळे किडनी’ म्हणतो त्या साखरेचे मूळही कधी कधी आईच्या रिकाम्या पोटात असू शकते. जन्मसाल विचारायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न बदलून भागणार नाही. मोजमापही तपासावे लागेल. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. रिपोर्टवर १.२ हा आकडा पाहून ‘नॉर्मल आहे’ असे सांगितले जाते. आज पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या सूत्राने हिशेब केला तर १.२ क्रिएटिनिन असलेल्या पंचवीस वर्षांच्या पुरुषाचे मूत्रपिंड मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर गाळते आणि साठ वर्षांच्या बाईचे सुमारे ५२. साठच्या खाली तीन महिने राहणे म्हणजे जुनाट आजार. त्या बाईला घरी पाठवलेले असते. त्यातून आपली कष्टकरी बाई चाळीस-बेचाळीस किलोची, अंगावर मांस नाही, खाण्यात मांस-अंडी कमी. तिचे क्रिएटिनिन मुळातच कमी असणार, म्हणून हे सूत्रसुद्धा तिचे मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले दाखवण्याचा धोका आहे. लघवीतले प्रथिन पाहणारी पट्टी काही रुपयांची असते आणि गाळणीची इजा पुष्कळदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी दाखवते. मात्र उष्णतेशी जोडल्या गेलेल्या आजारात प्रथिन फारसे जात नाही, तेव्हा एकट्या पट्टीवर विसंबणेही चुकीचे. दोन्ही हव्यात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा हव्यात. देशभरातल्या शिबिरांवर आधारलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने १७.२ टक्के प्रौढांना हा आजार असल्याचे सांगितले. तो आकडा अजून भाषणांत फिरतो. शिबिराला स्वतःहून आलेली माणसे आणि एकदाच घेतलेले रक्त, यांवरून गावाचे प्रमाण काढता येत नाही. दवाखाना जसा एका बाजूने फसवतो तसे शिबिर दुसऱ्या बाजूने.

सरसकट तपासणीला विरोध करणारे म्हणतात, की लक्षणे नसलेल्या सगळ्यांना तपासल्याने आयुष्य वाढते असा भक्कम पुरावा नाही. म्हाताऱ्या माणसांची वयाने मंदावलेली मूत्रपिंडे ‘आजारी’ ठरतात, घरात भीती शिरते आणि काढे-भस्मे विकणाऱ्यांचे फावते. ही भीती मी हलकी मानत नाही. पाऱ्यासारखे धातू असलेली औषधे आणि गोरेपणाची क्रीम यांनीही मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आणि केरळात नोंदली गेली आहेत. पण मी सरसकट तपासणी मागत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, उन्हात कष्ट करणारे, दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाणारे, साप चावून डायलिसिस झालेले आणि दुष्काळात जन्मलेले, एवढ्यांनाच तपासा. कळून उपयोग काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तरही आता बदलले आहे. डापाग्लिफ्लोझिन हे मूळचे मधुमेहाचे औषध २०२० मध्ये ४,३०४ रुग्णांवरच्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांचीही मूत्रपिंडे वाचवते असे दिसले. आजार बळावण्याचा किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या आजाराने मरण्याचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात त्याचे मूळ पेटंट संपले आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. लघवीत प्रथिन जाणाऱ्या, अजून सूज न आलेल्या माणसाला ही गोळी कामाची. क्रिएटिनिन दहा झालेल्याला तिचा फारसा उपयोग नाही. त्याच्या वाट्याला येतो आठवड्यातून तीन वेळा चार-चार तासांचा डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो फुकट होतो, पण जामखेडहून नगरला पंचाहत्तर किलोमीटर जाण्या-येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत जाणाऱ्या बायकोची बुडालेली मजुरी योजनेत बसत नाही. म्हणून पुष्कळजण तीनचे दोनवर येतात, मग एकवर.

एवढे सगळे गावात जाऊन करायचे कोणी, असा शेवटचा आक्षेप असतो. आशा सेविकेवर आधीच कामाचे ओझे आहे आणि त्या मानाने मोबदला तुटपुंजा, हे खरेच आहे; नवे काम द्यायचे तर त्याचे पैसेही दिले पाहिजेत. तिशीवरच्या लोकांची घरोघर जाऊन पाहणी ती आजही करते, आणि तिचा भर मधुमेह, रक्तदाब आणि तीन प्रकारच्या कर्करोगांवर असतो. अडाणी समजल्या जाणाऱ्या बायका हे काम किती अचूक करू शकतात याचा पुरावा याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अनेकदा निरक्षर, पुष्कळदा दलित असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्या आजाराचे नाव घ्यायला लोक कचरत त्या कुष्ठरोगापासून बाळंतपणापर्यंत त्यांनी हाताळले. १९७९ मध्ये त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सुरुवात फडावर जाणाऱ्यांपासून करता येईल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शासनाचे कल्याण महामंडळ आहे. टोळी गावातून निघण्याआधी प्रत्येक कोयत्यातल्या दोघांचेही रक्त आणि लघवी घ्यावी, त्याच वेळी जन्मसाल, जन्माच्या काळातले आईबापांचे काम, सापाचा दंश आणि चालू असलेल्या गोळ्यांचे वेष्टन पाहून नाव लिहावे. मार्चच्या अखेरीस त्याच दोघांचे रक्त कारखान्याच्या तळावर पुन्हा घ्यावे आणि पाऊस पडून माणसे गावी विसावल्यावर ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. मार्चमध्ये वाढलेले क्रिएटिनिन ऑगस्टमध्ये खाली आले तर दोष हंगामाचा, म्हणजे सावली, पाणी आणि संडास ही कारखान्याची आणि ठेकेदाराची जबाबदारी ठरेल. ते खाली आलेच नाही, तर त्या माणसाच्या केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ लिहायच्या आधी आपल्या हातात निदान तीन तारखा आणि तीन आकडे असतील.